झोप मोडू नये म्हणून

दुपारची जेवणं आटोपली की आडबंदरच्या जल तपासणी केंद्रातली माणसं मागच्या व्हरांड्यात जाऊन आडवी होत, आणि त्याला आता कोणी आळस म्हणत नसे. तिथे वेताच्या आरामखुर्च्या मांडलेल्या होत्या. समोर खाडी होती, आणि तिच्यावरून येणारा वारा जेवणानंतरची सुस्ती आणखी जड करायचा. केतकी आचरेकर कठड्याजवळच्या खुर्चीत पाठ टेकायची, कपाळावर बोटभर रुंदीची मऊ पट्टी बांधायची आणि डोळे मिटायची. दिवसातला तिचा सगळ्यात मोठा अभ्यास त्या झोपेत होत असे.

कंपनीने त्या यंत्राला लांबलचक नाव दिलं होतं. महाराष्ट्रात ते आलं तेव्हा कोणीतरी गमतीने त्याला 'वामकुक्षी' म्हटलं आणि तेच रूढ झालं. पुण्यातले वकील, नागपूरचे भूलतज्ज्ञ, नाशिकचे द्राक्षांचे अभ्यासक, ज्यांना आपल्या विषयात मागे पडून चालत नाही अशी सगळीच माणसं दुपारी वामकुक्षी घेऊ लागली होती.

त्याआधीची वर्षं केतकीला चांगली आठवत होती. समुद्रातली विषारी शैवालं हा तिचा विषय. एके काळी या विषयात महिन्याला मूठभर निबंध निघत आणि ते वाचून संपत. मग समुद्र तापत गेला, जगभरच्या खाड्या अवेळी लाल-हिरव्या होऊ लागल्या, आणि रोज सकाळी तिच्या पडद्यावर ढीग येऊन पडू लागला. शोधनिबंध, बंदरांचे इशारे, उपग्रहांची चित्रं, परिषदांमधली भाषणं, कुठल्याशा मासेमारी खात्याचं परिपत्रक. तिने त्याचे कप्पे पाडले. तापमानाचा एक, शिंपल्यांचा एक, विषबाधेचा एक. कुठून काय घ्यायचं, कुठला शब्द दिसला तर बातमी वर आणायची, कुठला दिसला तर खाली ढकलायची, हे ती रविवारी चहा घेत घेत ठरवायची. ते काम तिला आवडायचंसुद्धा. पण कप्पे कितीही नीट लावले तरी न वाचलेल्यांचा आकडा वाढतच राहायचा. जेवताना, केस विंचरताना तिला वाटायचं की आपल्याला माहीत असायलाच हवं असं काहीतरी आत्ता त्या ढिगात पडून आहे.

वामकुक्षीने तो ढीग तिच्या मनावरून उतरवला. झोपेत मेंदू दिवसभराचं सामान आवरत असतो. त्या वेळी त्याच्यात संथ लाटा उठतात, आणि लाट वर चढते तेवढ्या क्षणापुरतं स्मरणाचं दार किलकिलं होतं. नेमकं त्याच क्षणी कानात काही कुजबुजलं तर ते आत जातं आणि टिकतं. कपाळावरची पट्टी या लाटा ओळखायची. तिच्यामागचं यंत्र जगभरातलं सगळं वाचायचं, खरं-खोटं पारखायचं, एकाच बातमीच्या दहा प्रती गाळायचं, राहिलेलं त्या माणसाच्या कामाच्या क्रमाने लावायचं आणि दार उघडेल तसतसं थेंबाथेंबाने आत सोडायचं. जागं झालेल्या माणसाला काही ऐकल्याचं आठवत नसे. फक्त माहीत असे. काल काय माहीत नव्हतं आणि आज काय माहीत आहे, यातली सीमारेषासुद्धा जाणवत नसे.

आणि स्वप्न पडायचं. प्रत्येकाला आपापलं. केतकीला कायम एक खाडी दिसायची, आडबंदरच्या खाडीसारखी पण तिच्याहून खूप रुंद. गुडघाभर कोमट पाण्यातून ती चालत असायची. नॉर्वेतल्या बातम्या निळसर उजेडासारख्या पाण्यावर पसरायच्या. जपानच्या किनाऱ्यावरचं एखादं नवं शैवाल तिच्या पायांशी येऊन गोल गोल फिरायचं आणि त्याचं नाव तिला आपोआप कळायचं. कुठे पाणी जरा गरम लागायचं, तिथे कुठल्यातरी उपसागराचं तापमान वाढलेलं असायचं. पलीकडच्या तीरावर पांढरं धुकं असायचं, आणि तिकडे जावं असं तिला कधी वाटलं नाही. ती ओल्या पावलांनी परत यायची, डोळे उघडायची आणि समोर खरी खाडी चकाकत असायची. दोन्हींमधलं अंतर काही वेळ पुसलेलंच राहायचं.

त्या काळात ती सुखी होती, असं म्हणायला हरकत नाही. तिचा नवरा निशिकांत बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात व्यवस्थापक होता. तो म्हणायचा की तू हल्ली चिडत नाहीस, जेवताना फोन बघत नाहीस. एकदा अंगणात बसल्या बसल्या त्याने सहज विचारलं, "नफीसाचं काय चाललंय? तू तिचं नावसुद्धा घेत नाहीस आता."

केतकी म्हणाली की काही कानावर आलं नाही. तिने काम सोडलं असेल किंवा विषय बदलला असेल. हे बोलताना आपल्याला काहीच वाटलं नाही, याचं तिला थोडं नवल वाटलं आणि मग तेही विसरलं.

नफीसा मुकादम रत्नागिरीची. दोघींनी एकाच मार्गदर्शकाकडे डॉक्टरेट केली, एकाच सूक्ष्मदर्शकावर आळीपाळीने डोळे दुखवले, एका ताटात जेवल्या. कोकणातल्या खाड्यांसाठी आपलं केंद्र काढायचं, हे दोघींचं ठरलेलं होतं. जागा बघून झाली होती, सरकारी मंजुरी आली होती. आणि एका सकाळी पडद्यावरच्या बातम्या चाळताना केतकीला कळलं की चिलीतल्या एका समुद्र संशोधन संस्थेने डॉक्टर मुकादम यांची नेमणूक केली आहे. नफीसाने स्वतः तिला सांगितलं नव्हतं. केतकीने फोन केला, बोलणं वाढलं, पुन्हा न उच्चारण्यासारखे शब्द दोन्ही बाजूंनी उच्चारले गेले. केंद्र केतकीने एकटीने उभं केलं. पुढची काही वर्षं नफीसाचा निबंध पडद्यावर आला की तिच्या छातीत धडधडायचं, आणि तरी ती तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची. वामकुक्षी आल्यापासून तेही थांबलं होतं.

केंद्राचं काम सरळ होतं. दर आठवड्याला खाडीचं पाणी तपासायचं. पाणी निर्धोक असेल तर जेट्टीवर पांढरा बावटा, नाहीतर लाल. काही सूक्ष्म शैवालं विष तयार करतात. तिसऱ्या आणि कालवं यांसारखे शिंपले पाणी गाळून खातात, त्यांच्या अंगात ते विष साठतं, त्यांना काही होत नाही, पण खाणाऱ्याच्या नसांचे निरोप अडतात. ओठांना मुंग्या येतात, मग हात जड होतात, मग श्वास. लाल बावटा लागला की ओहोटीला गाळात उतरणाऱ्या बायका टोपल्या उपड्या घालून घरी बसत. त्यांच्या गटाची प्रमुख जयू तांडेल होती, पन्नाशीची, खणखणीत आवाजाची. केतकीचा बावटा तिला देवळाच्या घंटेइतका पक्का वाटायचा. कोणी शंका काढली तर ती म्हणायची, बायने सांगल्यान ना, मग झाला.

त्या आठवड्यात पांढरा बावटा होता. बुधवारी सकाळी ग्रामीण रुग्णालयातून डॉक्टर इंद्रजित राणे यांचा फोन आला. तिसऱ्या खाल्लेल्या तीन बायका दाखल झाल्या होत्या. दोघींचे हात-ओठ बधिर होते. तिसरीला कृत्रिम श्वासावर ठेवावं लागलं होतं. ती जयू होती.

केतकीने नमुन्यांचे निकाल पुन्हा पाहिले. पाण्यात काहीच नव्हतं. पाणी स्वच्छ निघालं तर तिसऱ्यांचं मांस लांबच्या प्रयोगशाळेत पाठवायची गरज नाही, असा नियम होता आणि तिने तो पाळला होता. तरीही आधी तिने माणूस पाठवून जेट्टीवर लाल बावटा लावायला सांगितलं आणि मग ती रुग्णालयात गेली.

जयू खाटेवर निश्चल पडली होती. यंत्र तिची छाती वरखाली करत होतं. बाहेर तिचा मुलगा आणि सून भिंतीला टेकून उभी होती. केतकीला पाहून मुलाने मान खाली घातली. ते तिला लागलं.

पुस्तकांनुसार हे विष एका दिवसात उतरायला हवं होतं. दुसरा दिवस गेला, तिसरा उजाडला. जयूच्या बोटाची हालचाल नव्हती, डोळ्यांवर उजेड टाकला तरी बाहुल्या बारीक होत नव्हत्या. डॉक्टर राणे केतकीला आपल्या खोलीत घेऊन गेले. मोठ्या शहरात हलवावं तर वाटेत धोका होता. इथे ठेवावं तर कशाची वाट बघायची, हे घरचे विचारत होते, आणि मेंदूच गेला असेल तर ओढाताण थांबवा असं एक नातेवाईक उघड बोलला होता.

मग त्यांनी संगणक तिच्याकडे वळवला. त्यांनी साधा शोध घेतला होता, एखादा विद्यार्थी घेईल तसा. पडद्यावर एक निबंध होता. चिलीच्या दक्षिणेकडच्या एका गावात असेच रुग्ण आले होते. पाणी स्वच्छ, आणि तिसऱ्यांच्या जातीच्या शिंपल्यांत विष.

"हे तुमच्याच विषयातलं आहे," डॉक्टर म्हणाले. "या बाई भारतीयच दिसतात. नफीसा मुकादम. तुमच्या ओळखीच्या असतील."

केतकी उभ्या उभ्या वाचत गेली. या शैवालांचे बीजकोश तळाच्या गाळात वर्षानुवर्षं झोपून असतात, हे सगळ्यांना माहीत होतं. नफीसाने दाखवलं होतं की समुद्राचा तळ एका मर्यादेपलीकडे तापला की ते तिथेच जागे होतात, गाळावरच्या हातभर पाण्यात वाढतात आणि वर येतच नाहीत. वरून बाटलीत भरलेल्या पाण्यात त्यांचा मागमूसही नसतो. त्यांचं विषही थोडं वेगळं, शरीरात जास्त काळ रेंगाळणारं. निबंध दोन वर्षांपूर्वीचा होता. त्याच्यावर पुढे झालेल्या कामांची यादी खाली लांबच लांब पसरली होती. विषयातल्या सगळ्या जगाला हे माहीत होतं.

डॉक्टरांनी विचारलं की हे तुम्ही जमेस धरलं नव्हतं का. त्यांच्या बोलण्यात आरोप नव्हता. त्यांना वाटलं असावं की तिच्याकडे काही शास्त्रीय कारण असेल.

केतकी रुग्णालयाच्या आवारातल्या सोनचाफ्याखाली जाऊन बसली आणि तिने वामकुक्षीच्या कंपनीला फोन लावला. पलीकडचा माणूस नम्र होता. त्याने तिची नोंद काढली आणि समजावून सांगितलं. झोप मोडली तर दार बंद होतं, म्हणून झोप मोडू नये हा यंत्राचा पहिला नियम. एखादी गोष्ट सोडल्यावर झोपलेल्या माणसाची नाडी उसळली, तर तशी गोष्ट पुढच्या वेळी उशिरा आणि हळू आवाजात येते. पुन्हा उसळली तर आणखी उशिरा. अशी ती मागे मागे जाते आणि शेवटी तिची पाळी यायच्या आत झोप संपते. यात लपवाछपवी नव्हती, वापराच्या अटींत ते लिहिलेलं होतं. यंत्राला कोणाशी वैर नव्हतं. नाडी कशाने उसळते ते त्याला कळत नसे, फक्त उसळते एवढं कळे.

"म्हणजे माझ्या बाबतीत एकच नाव मागे गेलंय?" तिने विचारलं.

"नाव म्हणून नाही, मॅडम. पण ते नाव जिथे जिथे होतं, ते सगळं. आणि ज्या कामांनी त्या कामाचा आधार घेतलाय, तीसुद्धा."

तिने फोन ठेवला. चाफ्याची फुलं आवारभर पडली होती आणि त्यांच्या वासाने तिला पुन्हा झोपेसारखं वाटू लागलं. स्वप्नातल्या त्या रुंद खाडीत आपण इतकी वर्षं एकाच काठाने चालत होतो. कोणी आपला हात धरून अडवलं नव्हतं. आपल्याच छातीतल्या ठोक्यांनी यंत्राला शिकवलं होतं की हिला तिकडे नेऊ नका.

नफीसाचा जुना नंबर लागला नाही. संस्थेच्या पानावर एक नंबर होता. इकडे ऊन कलायला लागलं तेव्हा तिकडे सकाळ झाली असणार, असा अंदाज करून केतकीने तो लावला. आवाज ओळखायला दोघींनाही वेळ लागला नाही.

केतकीने आधी रुग्णाचं सांगितलं. किती दिवस, बाहुल्या कशा, नाडी कशी. नफीसाने मध्ये दोन प्रश्न विचारले आणि मग तिचा आवाज बदलला.

"थांबा. काहीही झालं तरी श्वासाचं यंत्र बंद करू नका," ती म्हणाली. "आमच्या गावातल्या एका म्हाताऱ्या कोळ्याला सहावा दिवस लागला. तो आज बोटीवर जातो. बाहुल्यांवर जाऊ नका, त्या स्नायूंनाही विष पोचतं. आणि एक लक्षात ठेव केतकी, तिला ऐकू येत असणार. निबंधात हे मी लिहिलं नाही, पुरावा पुरेसा नव्हता. पण त्या माणसाने बरं झाल्यावर आम्हाला खोलीत कोण काय बोललं ते सांगितलं होतं."

केतकीने डॉक्टरांशी तिचं थेट बोलणं करून दिलं. फोन परत हातात आला तेव्हा नफीसा म्हणाली की जगभरातून लोकांनी मला या कामाबद्दल लिहिलं, तुझ्याकडून एक ओळ आली नाही. केतकीला कारण सांगता आलं असतं, पण आत्ता ते सबबीसारखं ऐकू गेलं असतं. ती एवढंच म्हणाली, "मी तुला उद्या फोन करते." पलीकडून बरं असं उत्तर आलं.

डॉक्टरांनी जयूच्या माणसांना बोलावून सगळं समजावलं, आणि तिच्या खाटेजवळ वाईट बोलायचं नाही असं बजावलं. ओढाताण थांबवा म्हणणारा नातेवाईक बाहेरच बसून राहिला. मुलगा आत गेला, पण त्याला आईशी काय बोलावं ते सुचेना. तो नुसता आये, आये करत राहिला आणि बाहेर आला.

मग केतकी आत बसली. खिडकीतून उतरतं ऊन जयूच्या हातांवर पडलं होतं, गाळाने नखं कायमची काळवंडलेले हात. काय बोलायचं ते केतकीलाही माहीत नव्हतं. म्हणून जे मनात आलं ते ती बोलत गेली. पांढरा बावटा मी लावला होता, जयूताई, आणि तो चुकीचा होता, हे तिने आधी सांगितलं. मग स्वप्नातल्या खाडीचं सांगितलं, तिथल्या कोमट पाण्याचं, निळ्या उजेडाचं. त्या खाडीत मला सगळं जग दिसायचं, पण तुमच्या पायांखालचा गाळ दिसला नाही, असं ती म्हणाली. नफीसाचं सांगितलं. दोघी ओहोटीला घोटाभर चिखलात उभ्या राहून वाद घालायच्या ते सांगितलं. ऊन हातांवरून भिंतीवर गेलं. यंत्राचा एकसारखा श्वास, बाहेरच्या झाडावर भारद्वाजाचा घुमणारा आवाज आणि स्वतःचं बोलणं यांत तिला वेळेचं भान उरलं नाही. आपण जाग्या आहोत की पट्टी बांधून पडलो आहोत, असा प्रश्नसुद्धा तिला एकदा पडून गेला.

पाचव्या दिवशी सकाळी सून अंग पुसत असताना जयूच्या अंगठ्याने टॉवेलची कड पकडली. सून ओरडली नाही. तिने हळूच नवऱ्याला आत बोलावलं आणि अंगठ्याकडे बोट दाखवलं. दुपारपर्यंत डोळे हलू लागले. आणखी दोन दिवसांनी गळ्यातली नळी काढली.

केतकी भेटायला गेली तेव्हा जयू उशीला टेकून पेज पीत होती. तिचा खणखणीत आवाज घोगरा झाला होता. केतकीला काही बोलू न देता ती म्हणाली, "माका सगळा ऐकाक येय होता, बाय. बोलाक तेवढा जमा नाय होता."

केतकी खाटेजवळच्या स्टुलावर बसली.

"तुझी ती मैतरीण," जयू म्हणाली. "तिका फोन केलंस?"

केतकीने तो केला नव्हता. उद्या म्हणून सांगितलेला फोन या दिवसांत राहून गेला होता, किंवा तिने राहू दिला होता.

त्या संध्याकाळी व्हरांड्यात कोणी नव्हतं. भरती चढत होती. केतकीने आपली पट्टी खुर्चीच्या हातावर ठेवली आणि नफीसाला फोन लावून जयूची खबर दिली. नफीसा म्हणाली की त्यांच्याकडेही गावं हवालदिल आहेत. शिंपल्यांवर बंदी घालून चालत नाही, लोकांचं पोट त्याच्यावर आहे. जिवंत शिंपल्यांतून विष काढून टाकायची काही रीत सापडते का ते शोधतायत. महिने गेले, जमत नाही.

केतकीला वाटलं की ती मुद्दाम बोचकारते आहे. कारण तेच तर केतकीचं काम होतं. टाकीतल्या पाण्याचा खारटपणा भरती-ओहोटीसारखा कमी-जास्त करत राहिलं तर तिसऱ्या विष झपाट्याने बाहेर टाकतात, हे तिने दाखवलं होतं. त्याच्यावर तिचे तीन निबंध होते.

"माझे निबंध तू वाचले नाहीस, हे मी समजू शकते," केतकी म्हणाली. "पण निदान तुझ्या लोकांसाठी तरी..."

"कुठले निबंध?"

केतकीने सांगितलं. नफीसाने विचारलं, "हे कधीचं? मला वाटलं तू संशोधन सोडून दिलंस. तुझं नावच कधी आलं नाही. मी निशिकांतला एकदा लिहिणारसुद्धा होते, तुझी तब्येत बरी आहे ना म्हणून."

"नफीसा," केतकीने विचारलं, "तू दुपारी झोपतेस?"

उत्तर आलं तेव्हा नफीसाचा आवाज अगदी हळू होता. तिकडे त्या यंत्राला दुसरं नाव होतं. पट्टी तीच होती, नियमही तोच. तिलाही इतकी वर्षं एक समुद्र दिसत होता, आणि त्याच्या एका बाजूला ती कधी वळली नव्हती.

खाडीवर अंधारून यायच्या आधीचा राखी उजेड होता. केतकीच्या मनात आलं की भांडणानंतर आपण तिला शिव्या घालत होतो, तिचं प्रत्येक वाक्य खोडून काढत होतो, तेव्हा ती आपल्याजवळ होती. तिच्या नावाने काही होईनासं झालं त्या दिवशी ती खरी गेली.

"मी तुला सांगायला हवं होतं," नफीसा म्हणाली. "चिलीचं. तू थांब म्हणाली असतीस आणि मी थांबले असते, म्हणून सांगितलं नाही."

"मी थांब म्हणालेच असते," केतकी म्हणाली. त्याहून जास्त त्या विषयावर त्या दिवशी कोणी बोललं नाही.

पुढे व्हायचं ते झालं. केंद्राने वरच्या पाण्याबरोबर तळाचा गाळ तपासायला सुरुवात केली आणि तिसऱ्यांचं मांस दर आठवड्याला प्रयोगशाळेत पाठवायचा नवा नियम केला. केतकीने गावाच्या बैठकीत उभं राहून चूक कशी झाली ते सांगितलं. काही बायका उठून गेल्या. त्यातल्या दोघी पुन्हा कधी तिच्या बावट्यावर विसंबल्या नाहीत, त्या आपल्या घरी तिसऱ्या शिजवतच नाहीत. चिलीतल्या एका गावात खारं-गोडं पाणी आलटून-पालटून सोडणाऱ्या टाक्या बसल्या. वामकुक्षीच्या कंपनीने झोप मोडण्याची मुभा देणारं एक बटण यंत्रात दिलं. ते फार थोड्या लोकांनी वापरलं. केंद्रातली बाकीची माणसं अजून दुपारी आडवी होतात, आणि केतकीही कधी कधी होते. एवढा मोठा ढीग जागेपणी वाचणं कुणाच्याच हातचं राहिलेलं नाही.

पण आठवड्यातून तीन संध्याकाळी ती व्हरांड्यात फोन घेऊन बसते. तिकडे नफीसाचा सकाळचा कॉफीचा पेला असतो. जे एकीच्या झोपेत शिरलं नसेल ते दुसरीने शोधून आणायचं आणि मोठ्याने वाचून दाखवायचं, असं त्यांनी ठरवलं आहे. परवा नफीसाने केतकीच्या टाक्यांच्या पद्धतीवरची एका तरुण संशोधकाची टीका वाचायला घेतली. पहिल्याच परिच्छेदात त्याने केतकीचे आकडे कच्चे ठरवले होते. केतकीचा श्वास जोरात होऊ लागला, इतका की तो फोनवर ऐकू गेला असावा. नफीसा वाचता वाचता थांबली आणि हे राहू दे का म्हणून तिने विचारलं.

केतकीने खुर्ची कठड्याजवळ ओढली.

"नको," ती म्हणाली. "वाच पुढे."